मॉर्मन नसल्याचा पुरावा

दारू नको म्हणणारा माणूस एकतर मेलेला असतो, नाहीतर मॉर्मन असतो, अशी मिसूरीतल्या हार्लन गावची पक्की समजूत होती. लेम्युएल हॉचकिस मेलेला नव्हता. खानावळीतल्या शेकोटीपुढे बसून तो बुटांवरचा बर्फ झटकत होता.

तो कनेक्टिकटचा घड्याळवाला. पूर्वेकडून गाडी भरून लाकडी चाकांची घड्याळं आणायची आणि दारोदार विकायची, हा त्याचा धंदा. खानावळवाल्याने रीतीप्रमाणे व्हिस्कीचा पेला पुढे केला. लेम्युएल म्हणाला, "नको." मग कॉफी आली. "कॉफी मला सोसत नाही." मग तंबाखू आला. "ओढत नाही." तेव्हा खानावळवाल्याने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि घरी गुलाम किती?"

"एकही नाही," लेम्युएल म्हणाला. "थोडं गरम दूध मिळेल का?"

दूध काही आलं नाही. आला तो मिलिशियाचा, म्हणजे गावकऱ्यांच्याच हत्यारी पलटणीचा, सार्जंट क्लेबॉर्न रकर, मागे बंदुकवाले घेऊन.

त्या हिवाळ्यात गव्हर्नरने हुकूमच काढला होता: मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर निकालात काढा. हे लोक नव्या पंथाचे. बायबलच्या जोडीला आणखी एक ग्रंथ मानणारे, दारू-कॉफी-तंबाखू वर्ज्य म्हणणारे, गुलाम न बाळगणारे, सगळे मिळून एकालाच मत देणारे, आणि ही जमीन देवाने आपल्याला देऊ केली आहे असं उघड बोलणारे. जमीन आपल्याला देवाने दिली असं मिसूरीत सगळेच धरून चालत, पण मोठ्याने म्हणायची पद्धत नव्हती.

"नाव?" रकरने विचारलं.

"लेम्युएल."

"घ्या! नावसुद्धा त्यांच्या पुस्तकातलं."

"बायबलातलं आहे हो!" लेम्युएल कळवळून म्हणाला. "नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात लेम्युएल राजाची आई त्याला सांगते, बाळा, दारू राजांना शोभत नाही. माझ्या आईने तिथूनच ठेवलंय."

"म्हणजे याला राजा व्हायचंय," रकर सोबत्यांना म्हणाला. "राजद्रोहसुद्धा आहे म्हणायचा."

मात्र रकर अगदीच अन्यायी माणूस नव्हता. त्याने तिथल्या तिथे सुटकेची सोय काढली. "एक पेला पी, त्यांच्या त्या पैगंबराला एक सणसणीत शिवी दे आणि चालू लाग."

शिवीची लेम्युएलला काहीच अडचण नव्हती. तो जुन्या प्रेस्बिटेरियन पंथाचा कट्टर माणूस, चर्चच्या डीकनचा नातू. मॉर्मन म्हणजे पाखंडी हे त्याला रकरपेक्षा चांगलं समजावून सांगता आलं असतं. पण जन्मात शिवी दिलेली नसल्याने ऐन वेळी जमेना. छाती भरून श्वास घेत तो म्हणाला, "तो... तो अतिशय चुकीचा माणूस आहे!"

खानावळ खो-खो हसली. राहता राहिला पेला. लेम्युएलने तो हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि परत खाली ठेवला. त्याचा बाप एका सकाळी घराच्या फाटकाशी बर्फात सापडला होता, रमचा बुधला पोटाशी धरून. फाटकाची कडी काढायची तेवढी शुद्ध त्याला राहिली नव्हती. त्यानंतर आईने लेम्युएलकडून कधीही न पिण्याची शपथ लिहून घेतली होती.

"शपथ आहे," तो म्हणाला.

"मॉर्मनांनाही असते," रकर म्हणाला.

*

गावात धड तुरुंग नव्हता. कैद्यांना एका रिकाम्या घरात पेंढ्यावर टाकलं होतं, आणि सगळ्यांना मिळून एक साखळी. भिंतीकडच्या टोकाला एबेनेझर स्किडमोर, उतारवयातला सुतार. दाराकडच्या टोकाला फिलो वॉड्सवर्थ, तरुण, तोंडाळ, उपदेश करत हिंडणारा. मध्ये जागा होती. लोहाराने तिथे लेम्युएलचा घोटा अडकवला.

"ये, भाऊ," एबेनेझर सरकून म्हणाला.

"मला भाऊ म्हणू नका. मी मॉर्मन नाही."

"मग काय म्हणू, बहीण?" फिलो म्हणाला. "अरे, इथे पहिल्या दिवशी मीही तेच सांगितलं होतं."

"फिलो," म्हातारा दटावून म्हणाला.

"सांगून पाहिलं, काका. लागला असता उपयोग."

साखळीचा कायदा असा की एकाने कूस बदलली की तिघांनी बदलायची. लेम्युएल ताठ, उताणा पडून राहायचा, पाखंड्यांना अंग लागू नये म्हणून. पण थंडी धर्म पाहत नाही. दोनचार दिवसांतच सकाळी जाग यायची ती एबेनेझरच्या दाढीत नाक खुपसलेल्या अवस्थेत. मग तो घाईने बाजूला व्हायचा, आणि साखळीच्या कायद्याने ते दोघेही ओढले जायचे.

खिडकीला काच नव्हती. बर्फ आत येतो अशी फिलोने इतकी बोंब मारली की रकरने शेवटी बैलाचं एक ताजं कातडं आणून ठोकलं. एबेनेझर त्या कातड्याकडे बराच वेळ बघत राहिला. कुल्ल्यावरचा डाग त्याच्याच गोठ्यातला होता. थोड्या वेळाने जेवण आलं: पहारेकऱ्यांची चोखून झालेली हाडं आणि वर तरंगणारं कसलंसं पाणी.

"प्रार्थना करा की!" रकर दारातून म्हणाला. "सरकार जेवायला घालतंय. उपकार माना."

एबेनेझरने डोळे मिटले. "देवा, तू दिलंस, यांनी घेतलं. शिजवलंय मात्र कच्चंच. आमेन."

लेम्युएलच्या ओठांतून हसू निसटलं. पाखंड्याच्या प्रार्थनेला हसणं हे पाप की पुण्य, यावर त्याने बराच विचार केला.

रविवारी चर्च सुटलं की गावकरी मॉर्मन बघायला यायचे. मॉर्मनांना शिंगं असतात असं पाद्र्याने सांगितलं होतं. अर्थात दृष्टान्त म्हणून, पण हार्लनचे लोक दृष्टान्तावर थांबणारे नव्हते. एका बाईने धीर करून लेम्युएलच्या केसांतून हात फिरवला आणि किंचाळली, "अगं बाई, याला आहे! एकच आहे, पण आहे!"

"चौकट लागली हो बाई, आत येताना," लेम्युएल म्हणाला. "आणि मी प्रेस्बिटेरियन आहे."

"बोलतोय बघ कसा माणसासारखा," बाई मुलीला म्हणाली.

रोज संध्याकाळी रकर पेला घेऊन यायचा, लेम्युएलपुढे धरायचा, आणि लेम्युएल नको म्हणायचा. पेला वाया जाऊ नये म्हणून फिलो हात पुढे करायचा.

"तुम्हाला वर्ज्य ना?" लेम्युएलने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले.

"अंगाला चोळायला चालते असा नियम आहे," फिलो ओठ पुसत म्हणाला. "मी आतून चोळतो."

"अहो सार्जंट, पाहिलंत ना? हा मॉर्मन असून प्यायला! मी पीत नाही! म्हणजे पिण्यावरून काही ठरत नाही!"

रकरने मान डोलावली. "तू जास्तच पक्का दिसतोस."

पेला झाला की पहारेकरी शेकोटीपाशी बसून आपण कुठलं घर कसं जाळलं, कुणाच्या कोंबड्या कशा पळवल्या, याच्या फुशारक्या मारायचे. कैद्यांना ऐकू जाईल अशा बेताने मारायचे. करमणूक तीच होती. एकदा रकर सांगत होता, "ओढ्याकाठचं ते सुताराचं घर. काय सुकं लाकूड होतं! आतून एक म्हातारी बाहेर आली, हातात काय, तर लोणच्याची बरणी. घर पेटलंय, आणि ही बरणी सांभाळतेय!"

साखळी वाजली. एबेनेझर उठून बसला होता, म्हणून तिघेही बसले.

"सार्जंट," तो म्हणाला, "पुन्हा सांगता का?"

रकरला वाटलं, बरं झोंबलं. त्याने रंगवून पुन्हा सांगितलं.

"पायात काय होतं तिच्या?"

"बूट होते. का रे?"

"कुणी हात नाही ना लावला?"

"म्हातारीला कोण हात लावतो! पूर्वेच्या रस्त्याला लागली शिव्याशाप देत."

"शिव्या देत होती," एबेनेझर समाधानाने म्हणाला आणि आडवा झाला. तिघेही आडवे झाले. "काकू जिवंत आहेत," फिलो लेम्युएलच्या कानाशी पुटपुटला. लेम्युएलने अंधारात डोळे उघडे ठेवून ठरवलं की न्यायाधीशापुढे उभं राहिलं की सगळं नीट होईल. बाहेर पडायचं ते दारातून, निर्दोष म्हणून, मोकळ्या नावाने. घरी आईला सांगता आलं पाहिजे.

*

न्यायाधीश बर्डेट यांच्या कचेरीत तिघे घोटे ओढत शिरले आणि लेम्युएलची पहिली नजर गेली ती मेजावरच्या घड्याळाकडे. तबकडीखाली सफरचंदांची रंगवलेली टोपली, आणि एका कोपऱ्यात त्याच्याच हातून पडलेला ओरखडा.

"साहेब! हे घड्याळ माझं आहे!"

"हे जप्त केलेल्या मॉर्मन मालमत्तेतलं आहे," न्यायाधीश म्हणाले.

"पण मी मॉर्मन नाही!"

"मग हे घड्याळ तुमचं कसं असेल? हे तर मॉर्मनाचं आहे."

लेम्युएलने ओरखड्यावर बोट ठेवलं. "साहेब, ते मॉर्मनाचं नाही, कारण ते माझं आहे."

"तुमचं असेल तर तुम्ही मॉर्मन आहात. तुमचं नसेल तर तुमची तक्रार काय?" न्यायाधीशांनी घड्याळाकडे प्रेमाने पाहिलं. "वेळ मात्र अचूक दाखवतं."

इथे फिलोला राहवलं नाही. भांडणापासून लांब राहणं त्याच्या धर्मात होतं, स्वभावात नव्हतं. "साहेब, मी शपथेवर सांगतो, हा आमच्यातला नाही. आमच्या ग्रंथात लेम्युएल हा रडका, कुरकुऱ्या, भावांशी दगा करणारा माणूस आहे. कुठली मॉर्मन आई पोराचं नाव लेम्युएल ठेवील? कुत्र्याचंसुद्धा ठेवणार नाही!"

लेम्युएलच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत त्याच्या बाजूने कुणी बोललं, तर हा बोलला, आणि बोलला तेही असं.

"म्हणजे," न्यायाधीश पुढे वाकले, "तुमच्या ग्रंथात याचं नाव आहे?"

"आहे, पण..."

"लिहून घ्या," न्यायाधीश कारकुनाला म्हणाले.

मग त्यांनी तिघांनाही पलीकडच्या परगण्यात खटल्यासाठी पाठवायचं ठरवलं. कारण दिलं ते अगदी रास्त होतं: हार्लनमध्ये निःपक्षपाती पंच मिळणं अवघड. ज्याला विचारावं त्याच्या घरात कैद्यांचं काही ना काही होतंच.

*

निघताना थंडीत मरून पंचाईत नको म्हणून रकरने खिडकीचं ते कातडं काढून कैद्यांच्या अंगावर टाकलं. पुढे गाडीवान, मागे साखळीतले तिघे, त्यांना टेकून रकर, आणि रकरच्या मांडीवर व्हिस्कीचा बुधला.

बुधला फिरवायचा तर सगळ्यांत फिरवायचा, ही मिसूरीची माणुसकी. एकट्याने पिणं हलकटपणाचं आणि पुढे आलेला घोट नाकारणं हा अपमान. गाडीवान प्यायला. रकर प्यायला. बुधला लेम्युएलपुढे आला.

"नको."

"पाहुण्याने नको म्हटलं तर यजमानाने प्यावा लागतो," रकर वैतागून म्हणाला आणि लेम्युएलच्या वाटचा घोट प्यायला. एबेनेझरनेही मान हलवली. त्याच्या वाटचा गाडीवानाने संपवला. बुधला फिलोकडे आला. फिलोने हात पुढे केला, मग रकरच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम अपार धार्मिकता पसरली.

"मला वर्ज्य आहे," तो म्हणाला.

"आजपासून?"

"पश्चात्ताप कधीही होऊ शकतो, सार्जंट."

अशा फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. दर फेरीला तीन नकार, आणि दर नकाराचा एक घोट मिलिशियाच्या पोटात. लेम्युएलला यातलं काही कळत नव्हतं. तो मनापासून नको म्हणत होता. फिलो मात्र त्याला कोपराने ढोसत होता, "शाब्बास, लेका. असाच ठाम राहा."

दुपारी एका ओढ्याशी घोडे आपणहून पाण्याला थांबले, कारण गाडीवान बसल्या जागी घोरायला लागला होता. रकर लेम्युएलच्या गळ्यात हात टाकून रडत होता.

"ए पूर्वेकडच्या यांकी, तू चांगला माणूस आहेस. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तू मॉर्मन नाहीस."

लेम्युएल ताठ झाला. "माहीत होतं?"

"अरे, आम्ही काय आंधळे? मॉर्मन असा रडतो होय?" रकरने नाक पुसलं. "पण माझ्या बायकोला तुझ्या गाडीतलं आमच्या वाट्याचं घड्याळ फार आवडलंय रे. पक्षी आहे त्याच्यावर. तू मॉर्मन नसलास तर मी चोर ठरतो. न्यायाधीश चोर ठरतो. पाद्री चोर ठरतो. एका माणसासाठी सगळ्या गावाला चोर ठरवायचं? तूच सांग, हा न्याय आहे का?"

एवढं बोलून त्याने लेम्युएलच्या खांद्यावर मान टाकली आणि झोपी गेला. त्याच्या बंडीच्या खिशातून साखळीच्या किल्लीचं टोक बाहेर डोकावत होतं.

फिलोने हात लांबवला. पोचेना. एबेनेझरचाही पोचेना. किल्ली होती ती लेम्युएलच्या हनुवटीखाली.

"काढ," फिलो पुटपुटला.

"पळालो तर मी गुन्हेगार ठरेन."

"आणि न पळालास तर?"



"आमच्या जमिनींचंही असंच झालं, पोरा," एबेनेझर म्हणाला. "झाडं तोडली, नांगरली, कुंपण घातलं. तोवर आम्ही नुसते विचित्र होतो. पीक उभं राहिलं तेव्हा गुन्हेगार झालो. तुला मोकळं नाव हवंय. पण ते यांच्याजवळ असेल तर देतील ना? तिथला न्यायाधीश वेगळा असेल म्हणतोस? हार्लनमध्ये वाटून घड्याळं उरली असतील, तर त्याच्याकडेही एखादं पोचलंच असेल."

ओढ्यावरच्या बर्फाला तडे जाण्याचा आवाज येत होता. लेम्युएलच्या डोळ्यांपुढे आई आली. तो निर्दोष सुटला, असं सांगणारं कुणी तिच्या दाराशी कधीच येणार नव्हतं. मिसूरीच्या दप्तरात तो जन्मभर फरारी मॉर्मन राहणार होता. त्याने दोन बोटांनी किल्ली ओढून काढली. कुलूप एबेनेझरने उघडलं.

फिलोने खाली उडी मारली आणि घोड्यांकडे वळला.

"घोडे नाहीत," लेम्युएल म्हणाला. "ती चोरी."

"अरे बाबा! साखळी तरी इथे टाकायची ना, की ती पायात घालून परत करायला जायचं?"

लेम्युएलने उत्तर दिलं नाही. तो रकरकडे बघत होता. सार्जंट गाडीच्या कडेवरून अर्धा बाहेर लोंबत होता, तोंड उघडं, मिशांवर बर्फ धरायला लागलेला. बुधला पोटाशी.

"याला असं टाकून मी येणार नाही."

"कोणाला?" फिलो ओरडला आणि चटकन तोंड दाबून कुजबुजला, "कोणाला? याला? याने आपल्याला हाडं चघळायला लावली! काकांचं घर जाळलं!"

"दारू प्यायलेला माणूस बर्फात मरतो," लेम्युएल म्हणाला. "त्याला कळतही नाही. सकाळी घरच्यांना सापडतो."

फिलोने कपाळावर हात मारला आणि गाडीवर परत चढला. तिघांनी मिळून गाडीवानाला बैठकीवरून उचलून मागे आणलं, रकरला आत ओढलं, दोघांना पाठीला पाठ लावून निजवलं. पण अंगावर घालायला होतं ते एकच कातडं. लेम्युएलने एबेनेझरकडे पाहिलं.

"बैल माझा होता," एबेनेझर म्हणाला. "कुणावर घालायचा ते मी ठरवीन." आणि त्याने ते कातडं दोघांवर पसरून, कडा नीट आत खोचून दिल्या. मग सवयीने रकरच्या मिशांवरचा बर्फही झटकला. लेम्युएलने किल्ली परत सार्जंटच्या खिशात ठेवली.

"आता कपाळाचा मुकाही घ्या," फिलो म्हणाला, आणि ते पूर्वेला चालू लागले.

*

मिसिसिपी गोठली होती. तिच्यावरून पलीकडे, इलिनॉयच्या काठावर पोचेपर्यंत तिघांच्या अंगावर फक्त फाटके कोट उरले होते. साखळी नव्हती, तरी ते एकाच पावलाने चालत. घोट्यांना सवय झाली होती. वाटेत एका झोपडीत कळलं की लोणच्याची बरणी घेतलेली एक खमकी म्हातारी मागेच पलीकडे गेली. त्यानंतर एबेनेझरला आवरणं कठीण झालं होतं.

काठावरच्या पहिल्याच गावाला मॉर्मनांची दया आली होती. दया अगदी व्यवस्थित होती. घाटावर मंडप, मंडपात मेज, मेजामागे गावातल्या बायका, आणि पुढे रांग. प्रत्येक निर्वासित मॉर्मनाला एक घोंगडी, एक मक्याची भाकरी आणि एक वाडगा रस्सा.

फिलोला मिळालं. एबेनेझरला मिळालं, वर विचारपूस झाली. मग लेम्युएल मेजापुढे आला. बाईंनी घोंगडी उचलून पुढे केली.

"तुम्ही मॉर्मन ना?"

मागून फिलो दबक्या आवाजात म्हणाला, "हो म्हण. लेका, एकदाच हो म्हण."

लेम्युएलचे दात वाजत होते. घोंगडी लोकरीची, जाड, निळ्या किनारीची होती.

"नाही," तो म्हणाला. "मी प्रेस्बिटेरियन आहे."

"अस्सं? मग बाजूला व्हा बरं. ही रांग मॉर्मनांची आहे." आणि बाईंनी घोंगडी परत ठेवली.

लेम्युएल हलला नाही. "बाई... तुमचा विश्वास बसला?"

"म्हणजे?"

"मी मॉर्मन नाही यावर. लगेच बसला?"

बाई गोंधळल्या. "तुम्हीच सांगताय ना? माणूस स्वतःचा धर्म कशाला खोटा सांगेल?" मग मागच्या माणसाकडे वळल्या. "चला, पुढे या."

लेम्युएल बाजूला झाला आणि घाटावरच्या एका ओंडक्यावर बसला. वारा हाडांत शिरत होता. रश्श्याचा वास येत होता. तो थरथरत होता आणि हसत होता, आणि मंडपातल्या बाया एकमेकींना म्हणत होत्या की प्रेस्बिटेरियनांत वेडे बरेच असतात.

एबेनेझर येऊन शेजारी बसला. त्याने आपली घोंगडी उलगडली, अर्धी स्वतःवर घेतली आणि अर्धी लेम्युएलच्या खांद्यावर टाकली.

लेम्युएलने ती काढून परत त्याच्याकडे सरकवली. "मला नाही घेता येणार. ती मॉर्मनांसाठी आहे. तुमचा धर्म खोटा आहे, हे मी आजही म्हणतो."

"म्हण की," एबेनेझर म्हणाला आणि घोंगडी पुन्हा त्याच्या अंगावर ओढली. "आम्हाला शिव्या देत देत पांघर. पण पांघर."